अंबाडीचा पहिला कागद

बाबा माझ्या कागदाला कागद कधीच म्हणाले नाहीत. चिखल म्हणायचे. "तुह्या चिखलाचं पातेलं बाजूले घे, मले आंघोळीले जायचं हाय." रेल्वेच्या कचेरीत जन्म गेलेला माणूस, कागद पांढराशुभ्र असावा आणि त्यावर साहेबाची सही असावी, एवढंच त्यांना ठाऊक. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि समता कॉलनीतल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात पैऱ्याचा, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाचा, कागद करते. प्रदर्शनात लोक तो उजेडात धरून बघतात. घरी बाबांचं एकच, "गोल बाजारात दस्त्यानं कागद भेटते, तू काहून चिखल कालवून राहिली?" मी उत्तर द्यायचं सोडलं, कागद सोडला नाही. राग मात्र यायचा. चाळिशी उलटली तरी बापाने एकदा बरं म्हणावं असं वाटायचं, याचा तर फारच यायचा.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी कुणाला न सांगता कुंपणालगत अंबाडी पेरली. वहिनी इथलीच, या हिंदी मुलखातली, तिच्यासाठी ती अमारी भाजी. ती शेंडे खुडायला गेली तर बाबा काठी टेकत तिच्या मागे. "खुडू नको. खुडली का फांद्या फुटते, मंग वाख आखूड निघते." वाख म्हणजे सालीतला लांब धागा, त्यांच्या गावी त्याचेच दोर वळत. मी खिडकीतून ऐकलं आणि हातातलं काम तसंच राहिलं. भाजीसाठी पेरणारा माणूस वाखाची काळजी कशाला करेल? मला ते काहीच बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. आमच्या घरात प्रेम असंच, पाठ फिरवून करतात.

अंबाडी फुलावर आली तेव्हा आम्ही दोघांनी ती कापून हौदात कुजत घातली. असा वास सुटला की शेजारच्या बाई नाकाला पदर लावून चौकशी करून गेल्या. बाबा खुर्ची टाकून तिथेच बसायचे. मग मी साल सोलली, सोड्यात शिजवली, कुटली आणि निळ्या टबात पाण्यात लगदा सोडला. हाताला सायीसारखा लागत होता.

"उद्या साचा बुडवून कागद उचलते," मी म्हटलं.

"पहिला मले दे. पाहू दे, चिखलाचा कागद होते का तं."

सकाळी मी चहा घेऊन गेले, तर बाबा उठलेच नाहीत.

दुपारी त्यांना नेलं. भाऊ स्मशानात गेला, आम्ही बायका घरी. काकूंनी, म्हणजे बाबांच्या भावजयीने, पदर खोचला. मयताच्या घरातलं भरलेलं पाणी ओतून टाकायचं, हा आमच्याकडचा रिवाज. माठ, बादल्या, फ्रिजमधल्या बाटल्या, सगळं रिकामं झालं. गच्चीवरच्या टाकीला मात्र कुणी हात लावला नाही. ती ओतली तर सगळ्यांनी आंघोळी कशाने करायच्या? सुतकालाही तेवढा व्यवहार कळतो.

मी आत भिंतीला टेकून बसले होते. फरशीवर टब ओढल्याचा आवाज आला. धावत गेले तोवर काकू आणि वहिनीने तो नालीवर कलता केला होता. काठ तडकला होता आणि बाबांची अंबाडी जाळीतून खाली चालली होती.

"काकीजी ने बोला, सब पानी फेंकना है," वहिनी म्हणाली.

"ते पाणी नाही हो काकू! बाबांना त्यातला पहिला कागद द्यायचा होता."

"पाणी ते पाणी. मयताच्या घरचं ठेवत असते का कोणी?"

मी तिथेच खाली बसून जाळीवर हात दाबले. काही हाती लागेना. तेव्हा मी रडले. सकाळपासून रडले नव्हते. काकू बायकांकडे वळून म्हणाल्या, "पाह्य वो माय! बाप गेला अन् पोट्टी टबासाठी रडून राहिली."

तेरावीच्या पंगतीत वाढणाऱ्यांच्या तोंडीही हेच. कुणीतरी मला मोठ्या मायेने समजावलं की टब काय, दुसरा येईल.

नंतर नाली तुंबली. भावाने जाळी उचलली तर तिच्यावर लगद्याचा थर चिकटून बसला होता. साचाही जाळीचाच असतो. नालीने आपल्यापुरता कागद केला होता. भाताची शितं, साबण, केस, सगळं त्यात. मी तो अलगद सोलला. पहिला कागद. बाबांच्या फोटोपुढे ठेवला. शाळेतून आले तर नव्हता. वहिनीने कचऱ्याच्या गाडीत दिला होता. "दीदी, बास मार रहा था," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते.

वर्षश्राद्धाला काकू आल्या त्या काखेत नवा टब घेऊन. निळाच. गोल बाजारात फिरून फिरून तोच रंग शोधला म्हणे. सगळ्या बायकांसमोर त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि पाठीवरून हात फिरवला.

"घे. तुह्या मनात राह्यलं होतं न. झालं आता?"

बायका कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या. बाबा फोटोतून बघत होते. मी "हव" म्हटलं आणि काकूंच्या पाया पडले.