होडीतली पिवळी मांजर

खून, दरोडे, घरफोड्या यांचे तपास मी पुष्कळ केले. मांजरीच्या चोरीचा तपास मात्र एकच केला, आणि तोच आजही लख्ख आठवतो.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. मी रत्नागिरीत फौजदार होतो. गणपती जवळ आले होते, मुंबईचे चाकरमानी यायचे म्हणून बाजार भरू लागला होता. एके सकाळी आमचा खबऱ्या ठाण्यात येऊन म्हणाला, बाजारच्या टोकाला एक बहीणभाऊ टी-शर्ट विकतात, त्यांवरची चित्रं चोरीची आहेत. खबऱ्या न बोलावता आला की याला कोणी धाडलं, हा प्रश्न मला आधी पडतो. उत्तर दुपारीच मिळालं. तयार कपड्यांचा एक मोठा व्यापारी लेखी तक्रार घेऊन आला. सोबत गुळगुळीत पिशवीतला टी-शर्ट होता. त्यावर काळी होडी, तिच्या काठावरून डोकावणारी पिवळी मांजर आणि खाली निळ्या पाण्यात तिला वाकुल्या दाखवणारा बांगडा. व्यापाऱ्याचं म्हणणं, हे चित्र त्याच्या पेंटरने काढलं आणि त्या दोघांनी ते उचललं.

कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नोंदवून मी पंच घेऊन बाजारात गेलो. त्या बहीणभावाच्या मांडवात तेच मांजरवाले शर्ट टांगलेले होते. जप्ती सुरू झाली तशी ही गर्दी जमली. एक मासेवाली पाटी खाली ठेवून म्हणाली, “गो बाय, चोरलंस काय? आमाला सांगत होतीस, मी काढलं म्हणून.” शर्ट विकणाऱ्या त्या मुलीचा चेहरा पांढराफटक पडला.

पुढे त्यांच्या घराची झडती घेतली. भाऊ मुंबईची गिरणी बंद पडल्यावर परतलेला. तो छापायचा, बहीण चित्रं काढायची. पडवीत एक लांब टेबल, त्यावर ताणून बसवलेल्या कापडाच्या लाकडी चौकटी आणि रंग ओढायची रबरी पट्टी, एवढाच कारखाना. दोरीवर वाळणारी चित्रं पाहून मी झडती विसरलो. छत्री धरलेली कुर्ली, म्हणजे खेकडी, एसटीच्या टपावर ऐटीत बसलेला बोकड, फणसाला टेकून घोरणारा बागेचा राखणदार. त्या काळी पोरांच्या छातीवर परदेशी शहरांची नावं असायची, आणि घालणाऱ्याला ती वाचताही येत नसत. इथे आमच्याच गावची माणसं-जनावरं हसत होती. मला मनापासून वाटलं, हे हात चोराचे नसावेत. पण पोलिसाचं वाटणं पंचनाम्यात लिहिता येत नाही.

ठाण्यात भावाला एकट्याला विचारायला बसवलं, तर तो लगेच म्हणाला, “लिवा सायब, मी चोरलं. तिला कायएक ठाऊक नाय.”

“कुठून चोरलंस?”

“लिवा ना सायब, मी चोरलं,” तो पुन्हा तेच म्हणाला. खोटा कबुलीजबाब असाच असतो. ‘मी केलं’ एवढंच पाठ असतं, पुढचं काही नाही. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बहिणीने ते ऐकलं आणि ती तडक आत आली. “दादा, तू सही केलीस तर मी पुन्ना ब्रश धरणार नाय. माजी मांजर हाय ती.” भाऊ रडायला लागला. त्याला बहिणीची तुरुंगवारी टाळायची होती, आणि तिला तर तुरुंगापेक्षा आपलं चित्र दुसऱ्याचं ठरण्याची भीती जास्त होती. अशी आरोपी मी तोवर पाहिली नव्हती.

अडचण एवढीच, की कोणाचं चित्र आधीचं याला पुरावा नव्हता. तो आमच्या गळक्या छपराने दिला. मुद्देमालाच्या खोलीत पाणी आलं, जप्त शर्टांचं गाठोडं भिजलं. पंचांना बोलावून सील उघडलं आणि शर्ट मागच्या व्हरांड्यात वाळत घातले. आमचे हवालदार जवळच्या पावस गावचे. रंगीत कपडा उलटा करून वाळत घालायचा, ही त्यांच्या घरची शिस्त ठाण्यातही पाळली गेली. थोड्या वेळाने हाक आली, “सायब, जरा येताव काय? हिला शेपटी हाय.”

खरंच होती. सुलट बाजूला होडीने अर्धी झाकलेली मांजर आतल्या बाजूला सबंध, फिकट पिवळी उमटली होती. दुमडलेले मागचे पाय, आणि टोकाला वाकडी झालेली शेपटी. पिवळा रंग आधी छापतात, त्यावर काळा चढवतात. वरून काळा सगळं झाकतो, पण पिवळा तोवर कापडात मुरलेला असतो. व्यापाऱ्याचा शर्ट उलटा केला. तिथे मांजर होडीच्या काठाशीच संपली होती.

मुलीला विचारलं, जे दिसणारच नाही ते काढलंस कशाला? ती म्हणाली, “अर्धी मांजर बसंल कशी, सायब? आदी ती सगळी बसली पायजे, मग होडी.” शेपटीचं विचारलं तर म्हणाली, घरच्या मांजरीची शेपटी दारात चेंगरली होती.

मग व्यापाऱ्याच्या पेंटरला बोलावलं. तिचा शर्ट उलटा करून त्याच्यापुढे ठेवला आणि मी काहीच बोललो नाही. चौकशीत गप्प बसण्याइतकं दुसरं हत्यार नाही. त्याने शर्ट सुलटा केला, पुन्हा उलटा केला, शेपटीवरून बोट फिरवलं. कारागीरच तो, त्याच्या तोंडून निघून गेलं, “काय काढलान पोरीनं! मी आतून बघितलंच नव्हतं.”

“कधी बघितलं नव्हतंस?” मी विचारलं.

त्याने मान खाली घातली. मालकाने तिच्याच मांडवातला शर्ट विकत आणून दिला होता. त्यावर कागद ठेवून त्याने रेघ न् रेघ गिरवली होती. तसा त्याने जबाब दिला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या ऐकून आम्ही धावलो होतो. तक्रारदार आता आरोपी झाला.

कोर्टाचा हुकूम आल्यावर मी तिला शर्ट घेऊन जायला ठाण्यात बोलावलं. ती आली, पण गाठोड्याला हात लावीना. म्हणाली, “सायब, नेलंत ते भरबाजारातून. परत पन तितंच द्या.”

हवालदार माझ्याकडे पाहू लागले. मी टोपी घातली. जप्तीचे तेच दोन पंच बोलावले आणि गाठोडं घेऊन बाजारात गेलो. पुन्हा तशीच गर्दी जमली. मी मोठ्याने सांगितलं, की ही चित्रं या मुलीची आहेत आणि चोरी तिच्याच चित्राची झाली होती. शेपटीची गोष्ट एव्हाना बाजारभर झाली होती. मासेवाली पुढे आली, पदराला हात पुसले आणि सगळ्यांदेखत तिने एक शर्ट उलटा करून पाहिला. “शेपटी हाय गो,” ती म्हणाली, आणि मुलगी त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

जप्तीला पंच लागतात, असं कायदा सांगतो. निर्दोष माणसाची वस्तू परत करताना पंच हवेत, असं तो कुठेच म्हणत नाही. निवृत्त होईपर्यंत मी मात्र ते बोलावत राहिलो.