छत्तीसातले पंचवीस

शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीचा फुटबॉल संघ निवडणारे मास्तर शाळेत गणित शिकवायचे. पुढच्या फळीत जागा पाच, खेळाडू आठ. त्यातल्या दोघांचं वैर, म्हणून त्यांना एकत्र घ्यायचं नाही. मास्तर कोळशानं भिंतीवर हिशेब मांडत आणि माझ्याकडं न बघता म्हणत, "छत्तीस प्रकारं हैत की! पंचवीसात तुमचा भाऊ हाय."

तरी भाऊ प्रत्येक सामन्यात बाहेरच बसायचा. मला संशय येऊ लागला. एकदा विचारलंच, "मास्तर, दरखेपी उरलेल्या अकरातलाच प्रकार कसा निघतो?"

त्यांनी हळूच दार लोटलं.

"आनि एक अट हाय. तुम्ही पडला कळंब्याचं. संघात पेठेतलंच पोरगं पाहिजे. ही अट भिंतीवर लिवायची नसती."

भाऊ दाराबाहेरच होता. मी बाहेर आलो, तेव्हा तो बुटांच्या नाड्या सोडत होता.