वहिनीच्या गोष्टीवर माझं मत

लहानपणी मी पुस्तकं वाचत नसे, फस्त करत असे. शनिवारी पवनीच्या वाचनालयातून दोन आणायची, सोमवारी शाळेत जाताना परत. राजपुत्र, समुद्र, जहाजं, बर्फ. आमच्या आसगावात यातलं काहीच नव्हतं. त्यामुळे पुस्तकात असतं ते मोठं आणि गावात असतं ते किरकोळ, हे मी फार लवकर ठरवून टाकलं. तसं वाटण्याला वयाचा दोष म्हणता येईल. पुढे जे केलं त्याला म्हणता येणार नाही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, मी अकरावीत असताना, वहिनी घरात आली. सातवी शिकलेली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण मी नणंद, म्हणून ती मला ‘बाई’ आणि ‘तुम्ही’ म्हणायची. आमच्याकडची रीतच ती. मला त्यात काही खटकलं नाही. मी आणलेली पुस्तकं ती धान उकडता उकडता वाचून काढायची. एका दुपारी तिनं माझीच एक जुनी वही पुढे केली. मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

“बाई, गोष्ट लिवली. कोनाले सांगू नका, तुमचे भाऊ हासतील. कशी झाली तेवढं सांगा.”

सात पानं होती. गोष्ट रोवणीची. बाया बांधीत, म्हणजे चिखल केलेल्या धानाच्या शेतात, ओळीनं वाकून, मागे मागे सरकत धानाची रोपं लावतात. त्यातली एक पोटुशी असते, तिचा हात मागे पडतो. तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया कुणाला कळू न देता तिच्या वाट्याची रोपं लावत जातात, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभ्या मालकाला ओळ सरळ दिसावी म्हणून. आणि तोंडानं मात्र तिलाच टोमणे: “रानी, पलंग आनू काय तुयासाठी?”

मी चार पानं वाचली आणि वही मिटली.

“वहिनी, हे तर दरवर्षी होते. यात गोष्ट कोठं आहे?”

“नाही काय?”

“गोष्टीत काही घडाले पाहिजे. हे वाचून कोणाले नवल वाटन?”

“बरं, बाई.”

भावजयीनं नणंदेशी वाद घालायचा नसतो. माझं मत मत राहिलंच नाही, हुकूम झाला. हे मला कळायला हवं होतं, कारण घरात माझा शब्द कसा चालतो ते मला चांगलं ठाऊक होतं. पंधरा दिवसांनी तिनं नवी गोष्ट आणली. राजकन्या, समुद्र, बुडणारं जहाज. वैनगंगेपेक्षा मोठं पाणी तिनं पाहिलेलं नव्हतं. समुद्राच्या पलीकडच्या काठावर तिनं धुणं धुणाऱ्या बाया बसवल्या होत्या. मी पोट धरून हसले. तीही हसली. त्यानंतर तिनं काही लिहिलं नाही.

पुढे मी आंधळगावात शिक्षिका झाले. मुलांचे निबंध तपासता तपासता कामापुरतं शिकले. आधी शेवटपर्यंत वाचावं. जे जिवंत आहे त्यावर बोट ठेवावं. मग एखादीच अडचण सांगावी, आणि ती लिहिणाऱ्यालाच सोडवू द्यावी. यात फार शहाणपण लागत नाही. थोडा वेळ लागतो, आणि तो माझ्याकडे तेव्हाही होता.

ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात माहेरी गेले, तेव्हा वहिनी अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती.

“वहिनी, ते रोवणीची गोष्ट आहे काय तुझ्यापाशी?”

“अगाई! ते वही तर कवाच चुलीत गेली.”

“पुन्हा लिही ना. चांगली होती.”

तिचं सूप थांबलं नाही. “तवा तर म्हनत होत्या, यात गोष्टच नाही. आता काहून?”

“तवा चुकलं माझं.”

“जाऊ द्या ना, बाई. आता मलेच धड याद नाही. त्या बाईचं शेवटी काय केलं होतं मी? तुमी तर वाचली होती ना?”

अख्ख्या जगात ती गोष्ट हाती घेतलेली मी एकटीच. शेवटची तीन पानं मी उलटलीच नव्हती, हे सांगायची ती वेळ होती.

“वाचली होती,” मी म्हणाले. “पण मलेही याद नाही.”

आणि तिच्यासमोर बसून डाळीतले खडे वेचू लागले.