पावन्याचे बूट

तो सिनेमा ज्यांनी काढला त्यांच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

मी लहान असताना कुडपणात आमच्या वाडीत एकच टीव्ही होता. दर रविवारी सकाळी त्यावर एक मालिका लागायची. तिचा नायक यानातून ग्रहाग्रहांवर फिरायचा. त्याचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून वाडीनं त्याला 'पावना' करून टाकलं. कुठल्याही ग्रहावर, कुणाच्याही घरात शिरण्याआधी तो दाराशी बूट काढायचा. बर्फाच्या ग्रहावरसुद्धा! आम्ही पोरं हसायचो. आबा, म्हणजे माझे वडील, हसायचे नाहीत. आमच्याकडे येणारे साहेबलोक बूट घालून थेट चुलीपर्यंत यायचे आणि आबांना गप्प बसावं लागायचं. "हा एवढा मोठा, तरी बूट काढतो. माणूस हाय तो," ते म्हणायचे.

यंदा त्या मालिकेवर सिनेमा आला. आबांना काचबिंदू. उरलीसुरली नजरही टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. "तेवढा पावना एकदा दाखव गो," एवढंच त्यांनी माझ्याकडे मागितलं. एसटीनं पोलादपूर, तिथून महाड. थिएटरच्या दारात आबांनी वहाणा काढल्या.

"आबा, इथं नाही काढत."

"त्याच्या घरी आलोय ना आपण?"

सिनेमात पावना आला तो लाथेनं दार फोडूनच. बुटांसकट एका म्हातारीच्या घरात घुसला, तिची भांडीकुंडी तुडवत, बंदूक रोखून. का, तर म्हणे नव्या पिढीसाठी नायक नव्यानं घडवलाय. अरे, चेहरा बदला, यान बदला, हवं तर त्याची चार लग्नं लावा, माझी ना नाही! पण बूट? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी आबा कान देऊन बसले होते. पडद्यावर त्यांना नुसता उजेड आणि सावल्या दिसत होत्या.

बाहेर आलो तर लोकांनी तुडवलेल्या वहाणा पायरीखाली जाऊन पडलेल्या. मी त्या शोधून आबांच्या पायात सरकवत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "बूट काढलेन ना गो त्यानं?"

"हो आबा. दाराशीच."

जन्मात मी आबांशी खोटं बोलले नव्हते. ते त्या लोकांनी मला बोलायला लावलं.

"मग बरं," आबा म्हणाले, आणि एसटीत बसेपर्यंत हसत होते.