धवलारणीचं ताट

लग्नघरात शिरल्यावर बायका आधी नवरी बघतात. चांगुणाबाय आधी चुलाण्याकडे जायच्या, टोपाचं झाकण उचलायच्या आणि विचारायच्या, "त्याल किती घातला?" नवरीची आई कितीही मोठ्या घरची असली, तरी तिला उत्तर द्यावंच लागे. कारण चांगुणाबाय धवलारीण होत्या. आगरी लग्नात धवलारीण धवळे, म्हणजे देवाची आणि लग्नविधींची गाणी, गायल्याशिवाय हळद लागत नाही, आणि मानपाड्याच्या आसपास त्यांच्या तोडीचा गळा दुसरा नव्हता. हे मी भाडेकरू म्हणून खुशामतीने सांगत नाही. ज्यांनी ऐकलंय त्यांना विचारा.

नव्वदच्या दशकात मानपाड्यात भातशेतं जाऊन चाळी उठत होत्या. त्यातली एक त्यांची, आणि तिच्यातली कोपऱ्यातली खोली माझी. मी डोंबिवलीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होते, म्हणून त्या मला 'रगत काढनारी पोर' म्हणायच्या. माझी सुई त्यांना टोचेल असं तेव्हा दोघींनाही वाटलं नव्हतं.

साठी उलटल्यावर एका हळदीत धवळा म्हणता म्हणता त्यांच्या छातीत कळ आली. पुढच्या ओळी दुसऱ्या बाईने निभावून नेल्या. कळेपेक्षा तेच त्यांच्या जास्त जिव्हारी लागलं. रक्तात कोलेस्ट्रॉल भलतंच वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे आवरलं नाही तर गाणं राहू द्या, जिना चढणंही जमणार नाही. मटण, अंडी, वनस्पती तूप बंद. मासळी चालेल.

चांगुणाबायंनी मटणाकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. तीन महिन्यांनी मी पुन्हा रक्त घेतलं, तर आकडा आधीपेक्षा वर. डॉक्टरांना वाटलं, म्हातारी चोरून खाते. त्यांनी तसं बोलून दाखवलं आणि बाईंचा चेहरा उतरला.  घराच्या दारात आल्यावर म्हणाल्या, "देवाची गानी म्हनतय मी. खोटा बोलंन का?"

मला ते पटत होतं, पण आकडाही खोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून दुपारी मी सरळ त्यांच्या ताटाशी जाऊन बसले. ताटात तळलेली गाबोळी, नारळाच्या वाटणात कोलंबी, वर चिंबोऱ्यांचा रस्सा. मी कपाळाला हात लावला. डॉक्टर जन्माचे शाकाहारी. मासळी म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे वाफवलेला एखादा तुकडा असणार. बाईंच्या हिशोबी खाडीतून जे जे वर येतं ती सगळी मासळीच, गाबोळी म्हणजे माशांची अंडीसुद्धा. दोघेही खरं बोलत होते.

मग डॉक्टरांनी नीट समजावलं आणि नव्यानेच मिळू लागलेली एक गोळी रोज रात्री घ्यायला सांगितली. किती दिवस, या प्रश्नाला ते म्हणाले, कायमची. मला वाटलं, बाई आता बिथरणार. त्या म्हणाल्या, "रोज दिवा लावतंय तो कटाला येतय का? तशी गोली." गाबोळी गेली, खोबरं चिमूटभर उरलं, कालवणात पालेभाजी शिरली. सुनेच्या हाताला तेलाची सवय होती. तिच्याशी रोज खटके उडत, पण बाई हटल्या नाहीत. हळूहळू आकडा उतरला. दम लागेनासा झाला आणि आवाज पुन्हा भरू लागला.

खरी परीक्षा मांडवात होती. हळदीच्या जेवणात पहिलं ताट धवलारणीचं, आणि ते परत करणं म्हणजे त्या घराचा अपमान. इतर घरी त्या आधी निरोप धाडून भाकरी आणि भाजलेला मासा सांगून ठेवायच्या. पण खडवलीला सख्ख्या भावाच्या नातीचं लग्न निघालं, आणि भाऊ म्हणजे निरोपाला न जुमानणारा. मी सोबत गेले होते. सगळ्या भावकीसमोर त्याने स्वतः ताट आणलं. मटणावर तेलाचा तवंग नुसता तरंगत होता.

बाईंनी ताटाला हात लावून नमस्कार केला आणि ते बाजूला ठेवलं.  भाऊ म्हणाला की बहिणीला भावाचं ताट चालत नसेल, तर धवळे म्हणायला दुसरी बाई मिळेल. ज्यासाठी एवढं पथ्य पाळलं, तेच तो काढून घेत होता. 

"बोलव दुसरीला," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी खाली बसून ऐकंन. पर मना अजून तुझ्या धाकल्या नातीच्या लग्नात पन गावाचा हाय. त्यासाटी जगावा लागंल."

त्याने दुसरीला बोलावलं नाही. तोंड फिरवून निघून गेला. पहाटे चांगुणाबाय गायल्या, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कुणाच्याही मदतीशिवाय. ऐकताना माझा ऊर अभिमानाने भरून आला होता. माझी ना ती आई, ना मावशी, तरी शेजारच्या बाईला मी सांगितलं, "या आमच्या."

निघताना भाऊ आडवा आला. नजर जमिनीकडे ठेवून म्हणाला, हल्ली चढण चढताना त्याच्याही छातीत दुखतं, तेव्हा त्या गोळीचं नाव काय?

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे बोट केलं.

"दुसऱ्याची गोली खावाची नाय. चल, या पोरीकडं आधी रगत दे."