शाळेच्या पोरांसाठी प्रार्थना

आमच्या घरची शाळा स्वयंपाकघरातच भरते. ओट्याला लागून एक प्लायचा टेबल आहे, त्याच्यावर सकाळी भूगोल आणि दुपारी कणीक. तो टेबल पुसूनपुसून माझे हात गेले. लोहाऱ्यात, कारखान्यांच्या मागच्या वस्तीत आम्ही भाड्यानं राहतो. नवरा तिथल्याच एका कारखान्यात मशीनवर असतो आणि रविवारी आमच्या पुढच्या खोलीत लोक येशूच्या प्रार्थनेला जमतात, ती तोच चालवतो. लग्नाआधी मी शाळेत शिकवायची. आता घरी दोन पोरींना शिकवते, एक चौदा वर्षांची, एक आठ. हे ऐकून लोक म्हणतात, दोनच? मग काय, मजा आहे तुमची. मजा म्हणे! एकीला समीकरणं, दुसरीला हातच्याची वजाबाकी, मधेच लाईन जाते, कूलर बंद पडतो, दूध उतू जातं, आणि तेवढ्यात दारात भाजीवाला कोथिंबिरीची जुडी नाचवत 'सांबार घ्या' म्हणून ओरडतो. वर्गात पन्नास पोरं होती तेव्हा निदान मधली सुट्टी तरी व्हायची.

घरी शिकवायचं हे यांनी ठरवलं. मीही हो म्हटलं होतं, जबरदस्ती कोणी केली नाही. हे तांड्यावरचे. सहा वर्षांचे असताना यांना घरापासून लांब आश्रमशाळेत टाकलं. तिथं भूक लागली की दुसऱ्याच्या पेटीतलं काढायचं, आणि मार चुकवायला तिसऱ्याचं नाव सांगायचं, हे सगळं ते तिथं शिकले. "लिहा-वाचायले आलं, पण माणूस म्हणून मी तिथं खराब झालो," असं सांगताना अजूनही त्यांचा आवाज बसतो. आपल्या पोरींनी खोटं बोलायला शिकू नये, एवढंच या माणसाला हवं आहे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

रोज संध्याकाळी जेवणाआधी आमची कौटुंबिक प्रार्थना असते. ताटं वाढलेली, वाफ निघतेय, आणि चौघांनी डोळे मिटून आळीपाळीनं मोठ्यानं प्रार्थना करायची. धाकटीपासून सुरुवात. यांचे दोन नियम आहेत. प्रार्थनेत कोणी काही बोललं तर त्याला मधे अडवायचं नाही आणि नंतर त्यावर चर्चाही करायची नाही, कारण ते देवाशी बोलणं आहे. आणि आमेन हलक्यात म्हणायचं नाही. "आमेन म्हटलं म्हणजे सही केली," हे पोरींना सांगतात. "पटत नसेल तर चूप बसा, पण खोटी सही करू नका." एकदा मोठीनं कारल्याच्या भाजीबद्दल आभार मानले तेव्हा धाकटी आमेन म्हणालीच नाही. यांना तिचं भारी कौतुक वाटलं. भाजी मी केली होती, मला काही वाटलं नाही असं समजू नका.

या नियमांमुळे आमच्याकडे एक सवय लागली. जे तोंडावर बोलता येत नाही ते डोळे मिटून बोलायचं. "प्रभू, पाढे घेताना मम्मीले शांती दे," असं धाकटी म्हणते आणि मी दात आवळून आमेन म्हणते. हे म्हणतात, "प्रभू, आम्हांस मोबाईलच्या मोहापासून राख," म्हणजे दुपारी मी फोन घेऊन पडले होते ते यांना कळलेलं असतं.

मोठी मात्र गेल्या उन्हाळ्यापासून शाळेच्या पोरांसाठी प्रार्थना करायला लागली. आमच्या घरमालकीण काकूंची नात तिच्याच वयाची, रोज सायकलीनं शाळेत जाते. आधी तिच्या परीक्षेसाठी प्रार्थना झाली. मग शाळेच्या बसला अपघात होऊ नये म्हणून. मग, शाळेच्या मैदानावर झाडं कमी आहेत, तर मुलांना ऊन लागू देऊ नकोस म्हणून. एवढं हिला कसं माहीत? तर संध्याकाळी ती काकूंच्या नातीला खोदून खोदून विचारायची. कोणत्या तासाला काय असतं, डब्याला कोणाजवळ बसतात, गॅदरिंगला कोणी काय केलं. आणि एका संध्याकाळी ती म्हणाली, "हे प्रभू, नवीन वर्गात ज्या मुलीला कोणीच मैत्रीण नसेल, तिला एक मैत्रीण दे."

आमेन म्हणून मी पदरानं डोळे पुसले. यांचेही डोळे भरले होते, पण वेगळ्या कारणानं. त्या रविवारी यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "लेकरू स्वतःसाठी काही मागत नाही. ज्यांना ओळखत नाही त्यांच्यासाठी मागते. यालाच मी चारित्र्य म्हणतो." लोकांनी माना डोलावल्या. मोठी आपली पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसली.

मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरता भरता तिनं मला विचारलंच. "मम्मी, मी नववीत शाळेत गेली तर?"

"तुले जायचं आहे?"

"हो. पण पप्पाले नको सांगू. त्यायले वाटीन त्यायचं चुकलं."

मी म्हटलं, पाहते. पाहते म्हटलं खरं, पण यंदा नाही तर कधीच नाही हे मला कळत होतं. दहावीला मधेच कोणती शाळा घेणार? मी यांच्याजवळ विषय काढला तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "प्रार्थना करू." आमच्या घरात प्रार्थना करू म्हणजे विषय संपला. तुम्ही पुन्हा काढला तर तुमचाच विश्वास कमी पडला.

आणि खरं सांगू, मलाही तिनं जायला हवंच होतं. तिच्यासाठी तर होतंच, पण माझ्यासाठीही. तिचं बीजगणित आता माझ्या आवाक्याबाहेर चाललं होतं. आदल्या दिवशी दुपारी स्वतः शिकून दुसऱ्या सकाळी तिला शिकवायचं, वर रविवारचा चहा, पोहे, सतरंज्या. देवावरचा विश्वास गेला नव्हता. दमले होते फक्त. पण दमले असं म्हटलं की प्रार्थनेला येणाऱ्या बहिणी जवळ येऊन डोक्यावर हात ठेवून सामर्थ्यासाठी प्रार्थना करतात आणि चहा पुन्हा मीच करते.

त्यात काकू. वाळवण घालता घालता मला म्हणाल्या, "काहून वं, त्या पोट्टीले घरात बांधून ठेवलं तुम्ही? चार जणीत मिसळली नाही तर बावळट राहीन ना ते."

"आमचं आम्ही पाहू, काकू," मी फटकन म्हटलं. माझ्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माझं डोकं सटकतं. काकूंनी वाईट वाटून घेतलं नाही. उलट वाटीभर कुरडया दिल्या.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी रविवार आला. आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, तोपर्यंत ऊन काही सोडत नाही. पुढची खोली भरली होती. यांचा संदेश, म्हणजे प्रवचन, संपला, आणि चहाच्या आधी हे म्हणाले, "उद्या शाळा सुरू होताहेत. आमच्या मोठीनं शाळेच्या मुलांसाठी प्रार्थना करावी."

ती उभी राहिली. सगळ्यांनी डोळे मिटले. "हे प्रभू, आम्ही तुझे आभार मानतो," तिनं सुरू केलं, "की उद्या सगळ्या मुली..." आणि थांबली. मी डोळे किलकिले केले. कूलर घरघरत होता. लोकांना वाटलं, पोरगी पवित्र आत्म्यानं भरून आली. मागून एक आजी हळूच "हालेलुया" म्हणाल्या. हे डोळे मिटून, हसऱ्या चेहऱ्यानं बसले होते. आणि माझी पोरगी ओढणीचं टोक पिळत, ओठ दाबून उभी होती.

माझं डोकं सटकलं. मी बसल्याजागीच डोळे मिटून सुरू केलं. प्रार्थनेची आमची मराठी वेगळी असते, आम्हांस आणि तुजकडे वगैरे. मला त्यातलं काही आठवलं नाही.

"प्रभू, तुले तं सगळं माहीतच आहे, म्हणून हे मी तुले नाही सांगून राह्यली, ह्यायले सांगून राह्यली. पोरीले शाळेत जायचं आहे. ह्यायले वाईट वाटीन म्हणून पोरगी बोलत नाही. आणि मले पण तिले पाठवायचं आहे. मी थकली, देवा. लय थकली. ह्यायनं काहीच वाईट नाही केलं. पण ह्यायची शाळा वेगळी होती आन् हिची वेगळी राहीन. एवढंच. येशूच्या नावानं मागते."

"आमेन," सगळे म्हणाले. सवयीनं म्हणाले, नेहमीसारखंच एका सुरात. त्यात यांचा आवाज नव्हता.

मी डोळे उघडले. मोठीचेही उघडेच होते, आणि ती यांच्या तोंडाकडे पाहत होती. यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, डोळे मात्र मिटलेलेच. प्रार्थनेत कोणाला अडवायचं नाही, नंतर बोलायचं नाही, आणि पटलं नाही तर आमेन म्हणायचं नाही. नियम यांचेच होते. लोक चुळबुळायला लागले. कोणाचं तरी बाळ रडलं, त्याला बाहेर नेलं. यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आमेन."

मी उठून चहा टाकायला गेले. साखर जास्त पडली, लोकांनी तसाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी यांनी पहिल्या पाळीला सुट्टी टाकली आणि मोठीला घेऊन शाळेत गेले. प्रवेश झाला. घरी आल्यावर यांनी मोठीसाठी जुन्या सायकलीच्या चाकात हवा भरली, चेनीला तेल दिलं, आणि दिवसभर माझ्याशी कामापुरतं बोलले. धाकटीची वजाबाकी राहिलीच होती, ती घेतली.

संध्याकाळी ताटं वाढली, डोळे मिटले. धाकटीनं ताईच्या सायकलीसाठी प्रार्थना केली. मग मोठी म्हणाली, "प्रभू, भाकर दिली, थँक्यू. पप्पाले सांभाळ. आमेन." झालं, एवढंच.

आम्ही जेवायला लागलो. प्रार्थनेवर नंतर बोलायचं नाही हा नियम यांनी आजवर कधी मोडला नव्हता. त्या संध्याकाळी हातातला घास तसाच ठेवून हे तिला म्हणाले, "आज शाळेच्या पोरांसाठी नाही केली तू प्रार्थना?"

तिनं भाकरी मोडता मोडता वर पाहिलं.

"आता कायले, पप्पा?"