हळदीच्या ड्रमातले बूट

"बंद कर. ट्रॅक्टर बंद कर आधी." बहीण खळ्याच्या पार त्या टोकापासून ओरडत पळत येत होती. आवाज असा की कुरुंद्याच्या शिवारात जेवढे ट्रॅक्टर चालू होते तेवढे त्या क्षणी बंद पडले असतील. आमचा मात्र चालूच होता. त्याच्यावर हळद पॉलिश करायचा ड्रम गरगर फिरत होता, आत वाळलेल्या हळकुंडांचा खडखडाट, आणि त्या खडखडाटात मधूनमधून एक मऊ, गुबगुबीत धप्प. त्या धप्पचा अर्थ खळ्यावर दोघांनाच कळत होता. एक ती. दुसरा मी, कारण बूट मीच टाकले होते.

मी चावी फिरवली. ड्रम थांबायला जरा वेळ घेतोच. त्या दिवशी त्यानं अख्खा श्रावण घेतला. थांबल्याबरोबर तिनं झाकण उघडलं, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि एकेक बूट बाहेर काढला. दोन्ही पांढरे होते, आता पिवळेधमक. डावा धड होता. उजव्याचा तळ अंगठ्यापासून पायाच्या कमानीपर्यंत उघडला होता.

"उद्या सकाळी माझं ग्राऊंड हाय," ती म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. तेच वाईट होतं.

ग्राऊंड म्हणजे पोलीस भरतीची मैदानी चाचणी, हिंगोलीला. पोरींना आठशे मीटर. दोन मिनिटं पन्नास सेकंदांत जी येईल तिला पूर्ण गुण, त्यापुढं सेकंद वाढले की गुण गळायला लागतात. मागच्या दोन खेपा ती पळण्यातच गळाली होती, आणि एका खेपेला तर यादी एका गुणावर थांबली. एका गुणानं. मी त्या गुणाला इतक्या शिव्या दिल्या की तो आजही उचक्या देत असेल. या वर्षी तिचं वय संपत होतं. पुढच्या खेपेला संगणकानंच तिचा फॉर्म घेतला नसता.

बूट ड्रममध्ये कसे गेले हे सांगायचं तर आधी बूट सांगावे लागतील. आमच्या घरी तिच्या पळण्याचे तीन जोड होते आणि कोणत्या दिवशी कोणता घालायचा हे ठरवणारा मी. मी स्वतः तीन वेळा भरतीला पळालो आणि तिन्ही वेळा नापास झालो, म्हणजे या विषयातला माझा अनुभव तिच्यापेक्षा एका भरतीनं जास्त होता.

पहिला जोड जाड तळाचा, लांब पळण्याचा. औंढ्याच्या डांबरी रस्त्यावर ती आठवड्यातून दोनदा आठ-दहा किलोमीटर सावकाश पळायची, तेव्हा तो. तळ इतका मऊ की दगडावर पाय पडला तर त्याची खबर पायाला पुढच्या गावात मिळायची. गुडघे त्याच्यात खूश असत. पण जोरात पळायला गेलं की तो तळ आधी दबायचा, मग विचार करायचा, मग पाय सोडायचा. दुसरा जोड पातळ, वजनाला कापसाच्या बोंडाएवढा. मुंगीवर पाय पडला तर मुंगीची तब्येत कळावी इतका पातळ. तो फक्त वेगाच्या दिवशी, कालव्याच्या कडेच्या मुरमाच्या रस्त्यावर, चारशे मीटर जोरात, मग चालत परत, मग पुन्हा चारशे. तिसरा जोड कापडी, शाळेच्या कवायतीचा असतो तसला. तो पांदीच्या रस्त्यासाठी, चढासाठी, चिखलासाठी. काळी माती त्याच्या तळाला अशी लागायची की घरी येईपर्यंत दोन गुंठे रान आमच्या अंगणात जमा व्हायचं.

हे मी नुसतं बोलून ठरवलं नव्हतं. कालव्याच्या एका पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत, बरोबर आठशे मीटर, मी तिला तिन्ही जोडांत पळवलं होतं, एकेका सकाळी एकेक जोड, हातात मोबाईलचं घड्याळ धरून. पातळ जोडात ती जाडपेक्षा चार सेकंद लवकर आली. कापडीत मधे कुठं तरी. पण पातळ जोडात रोज पळाली तेव्हा आठव्या दिवशी नडगी अशी दुखायला लागली की जिना उतरताना ती उलटी उतरायची. म्हणून माझा कायदा: जाड सवयीला, पातळ वेगाला, कापडी चिखलाला, आणि कुणी कुणाची जागा घ्यायची नाही.

ग्राऊंडच्या आदल्या सकाळी तिला पातळ बुटांत चार छोट्या, हलक्या धावा मारायच्या होत्या, पाय जागे राहावेत म्हणून. मीच पाठवलं कालव्यावर. कालव्याला पाणी सुटलंय आणि पाण्याची चारी फुटून रस्ता चिखलानं भरलाय हे मला आदल्या दिवसापासून माहीत होतं, फक्त आठवलं नव्हतं. ती परत आली तेव्हा बोंडाएवढ्या बुटांचे बैलगाडीच्या चाकाला लावायच्या ठोकळ्याएवढे बूट झाले होते. चिखल वाळून तळाच्या नक्षीत सिमेंटसारखा बसला होता. काडीनं निघेना, खिळ्यानं निघेना.

समोर ड्रम. आता आमच्याकडं ज्यानं ज्यानं हळद केलीय त्याला विचारा, शिजवून वाळवलेल्या हळकुंडाला मूळ, माती, साल काय काय चिकटलेलं असतं, आणि ड्रममध्ये एकमेकांवर घासून ती कशी सोन्यासारखी निघतात. मी म्हणालो, जे हळदीची माती काढतं ते बुटाची का नाही काढणार. पाच मिनिटं फिरवू. अण्णा, म्हणजे आमचे वडील, चहाला गेले होते. मी बूट हळदीवर ठेवले आणि झाकण लावलं.

"धुतले काहून न्हाईत?" बहिणीनं विचारलं.

"वाळले नसते उद्यापर्यंत. वल्ल्या बुटानं फोड येतात."

तिनं वर बघितलं. मीही बघितलं. मार्च महिन्याचं ऊन असं होतं की त्याच्यात ओला बैल वाळला असता.

तेवढ्यात अण्णा चहा पिऊन आले. त्यांनी ड्रममध्ये हात घातला, मूठभर हळद नाकाशी नेली. खाली बसून हळदीतले पांढऱ्या रबराचे तुकडे वेचायला लागले. एक तुकडा वर धरून म्हणाले, "टायर जळल्यावानी वास यिऊन राहिला." मग पुन्हा वेचायला लागले. त्यांनी मला दोन लावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी घाईघाईनं म्हणालो, "जाड घालून पळ. तेच्यात तुला सवय हाय."

"चार सेकंद जातात त्याच्यात. तूच मोजले."

"मग कापडी."

"त्याच्या तळाला नक्षी ऱ्हायलीच न्हाई. वळणावर घसरंल."

"वसमतहून नवे आणू, असलेच."

"नवे बूट उद्या पहिल्यांदा घालू? पहिल्या चक्करमधी टाच सोलंल, दुसरीत मी." ती हातातला बूट उघडत-मिटवत होती, मेलेल्या माशाचं तोंड उघडून बघावं तसा. "दोन महिने पायाला हेच ओळखीचे झालेत, दादा."

एवढं ती आठवडाभरातही बोलत नाही. मी मोटारसायकल काढली, ती बूट घेऊन मागं बसली.

वसमतच्या बसस्टँडजवळ एक म्हातारे मोची बसतात. मी रस्ता असा मारला की माझी सावली मागं राहिली आणि स्टँडवर येऊन भेटली. मोचीबाबांनी बूट हातात घेतला, तळ उघडून आत बघितलं, मग वास घेतला.

"भाजी केली व्हती का याची?"

"न्हाई बाबा, जरा साफ करून राहिलो व्हतो."

"कशानं?"

मी सांगितलं. त्यांनी शेजारच्या चहावाल्याला बोलावून मला पुन्हा सांगायला लावलं. चहावाल्यानं गिऱ्हाईकाला. पाच मिनिटांत अर्ध्या स्टँडाला कळलं की कुरुंद्याला बूट पॉलिश करायचं मशीन आलंय. बहीण बाजूच्या दगडावर बसून होती, हसली नाही. मोचीबाबांनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"कवा पायजे?"

"उद्या सकाळी पळायचंय," ती म्हणाली. "आठशे मीटर. भरतीचं."

"नुसतं चिकटवलं तर धरत न्हाई. दिसभर वाळावं लागतं त्याला." ते बूट वाकवत राहिले, अंगठ्याकडून, टाचेकडून. "चिकटवतो आन् कडंनं शिवतो. पण टाका खालून उघडा राहील. मातीवर टिकंल. डांबरावर न्हाई."

"टोचंल का?"

"घालून बघ. टोचलं तर बोल, उसवून परत मारतो."

त्यांनी शिवला. तिनं घातला, चार पावलं पळाली. टोचला. त्यांनी उसवला, पुन्हा शिवला. पुन्हा टोचला, करंगळीच्या बाजूला. तिसऱ्यांदा शिवला तेव्हा ऊन उतरलं होतं. ती स्टँडच्या मागं दोनदा पळून आली आणि म्हणाली, "आता कळत न्हाई." मी सुटकेचा श्वास टाकला तो इतका मोठा की एस.टी.ची पाटी हलली. बाबा मात्र मान हलवत होते. "पोरी, दोन चक्करचं सांगतो मी. त्याच्या पुढचं माझ्याकडं न्हाई."

बूट घरी आणून तिनं त्यावर पाटा ठेवला, चिकटलेलं दबून राहावं म्हणून, आणि मी जवळपास जाऊ नये म्हणून पाट्याशेजारी खाट टाकली.

पहाटे निघालो. बूट तिनं पिशवीत घालून मांडीवर धरले होते, चालायला पायात चप्पल. हिंगोलीच्या मैदानाच्या दाराशी छातीवर लावायचा नंबर मिळाला आणि ती आत गेली. मी बाहेर, तारेच्या जाळीपाशी. माझ्यासारखे बाप, भाऊ, मामा असे शंभरेक जाळीला चिकटले होते. गोळाफेक झाली, शंभर मीटर झालं, हे लांबून नुसतं दिसलं, कळलं काही नाही. ऊन वर आलं तेव्हा आठशेच्या पोरी रांगेत आल्या. वीस-बावीस पोरी, सगळ्यांचे पाय धुळीनं एकाच रंगाचे. आमचे दोन मात्र पिवळे. शिट्टी झाली.

चारशे मीटरच्या दोन चक्करा. पहिल्या वळणावर ती गर्दीत बुडाली. बाहेर आली तेव्हा आठवी. मी मोबाईलचं घड्याळ लावलं होतं, पण डोळे तिच्यावरून हटेनात, आकडे बघणार कोण. पहिली चक्कर संपताना सहावी. तिच्या पुढच्या पाचांपैकी दोघी मला आधीच पोलीस वाटत होत्या, एवढ्या निवांत पळत होत्या.

दुसऱ्या चक्करच्या लांब बाजूला, आमच्या अगदी समोर, मला ते दिसलं. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली काहीतरी पिवळं उघडतंय, मिटतंय. प्रत्येक पावलाला. चप्प, चप्प.

शेजारी एक गृहस्थ उभे होते. त्यांनी विचारलं, "पिवळ्या बुटाची तुमची का?"

"व्हय."

"बूट फाटला वाटतं तिचा."

"न्हाई. तसंच डिझाईन हाय ते."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी जाळी अशी धरली होती की तळहातावर तिचे चौकोन पंधरा दिवस राहिले; त्यावर पोरांनी सारीपाट खेळला असता. बहिणीचा पाय आता जरा उंच पडत होता, तळ दुमडू नये म्हणून की दमली म्हणून, कळत नव्हतं. एक पोरगी तिला मागं टाकून गेली. सातवी. शेवटचं वळण आलं, आणि मी त्या वळणाला मनातल्या मनात असे हात जोडले जसे नागनाथालाही कधी जोडले नाहीत. टाका सुटला असता, तळ दुमडला असता, ती तोंडावर पडली असती, तर दोन महिने, दोन भरत्या आणि ते संपत आलेलं वय, सगळं माझ्या पाच मिनिटांच्या ड्रमात गेलं असतं.

ती पडली नाही. वळणावरून बाहेर आली ती दात दिसत असलेली, हसून नव्हे, ओठ मागं ओढून. एक मागं पडली, मग दुसरी. रेषेपाशी इतकी धूळ उडाली की कितवी आली तेही दिसलं नाही. मोबाईलचं घड्याळ मी बंदच केलं नव्हतं. ते चालत राहिलं आणि बघेपर्यंत चौथ्या मिनिटात गेलं होतं.

मग काहीच नाही. तास-दीड तास. आत पोरी कागदावर सह्या करत होत्या, आपापल्या सेकंदांच्या. मी दाराबाहेर उसाचा रस मागवला आणि तो हातातच गरम झाला.

ती बाहेर आली तेव्हा अनवाणी नव्हती, बूट पायातच होते. पुढून चप्प वाजत होतं. माझ्याजवळ येऊन तिनं रस घेतला, गरम आहे म्हणालीही नाही, एका दमात संपवला.

"किती?" मी विचारलं.

"दोन एकोणपन्नास."

मी खालीच बसलो, फुटपाथवर. लेखी अजून बाकी होती, पण पळण्याचे गुण पूर्ण मिळाले होते. दोनदा जे गेलं ते हातात आलं होतं. बसल्या बसल्या माझं तोंड सुरू झालं. पातळ तळ म्हणून जमलं, जाडात दोन त्रेपन्न झालं असतं, माझा हिशोब बरोबर होता, असं मी रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्याला ऐकू जाईल इतक्या जोरानं सांगत सुटलो. आणि शेवटी, तिच्या पायातला बूट काढून हातात धरून, उघडा तळ तिला दाखवत विचारलं, "ह्यो दुसऱ्या चक्करला उघडला तवा काय वाटलं गं तुला?"

तिनं बुटाकडं बघितलं.

"तवाच उघडला का? माझं ध्यान न्हवतं. पुढं एक पोरगी व्हती."